सुईच्या नेढ्याएवढे तोंड

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आपल्याकडे पितरांचे पान वाढले जाते, वाडी ठेवली जाते आणि सगळे घर कावळ्याची वाट पाहत बसते. याच पंधरवड्यात, याच तिथींना, कंबोडियात पहाटे चारच्या सुमारास माणसे विहारांच्या आवारात जमू लागतात. हातात ताट असते आणि ताटात तीळ घातलेल्या चिकट भाताचे गोळे. विहाराला प्रदक्षिणा घालत, अंधारातच, हे गोळे जमिनीवर टाकले जातात. प्रेतांना उजेड सोसत नाही, म्हणून हे काम फटफटण्याआधी उरकावे लागते. या सणाचे नाव ‘प्चुम बेन’. ‘प्चुम’ म्हणजे एकत्र येणे, आणि ‘बेन’ म्हणजे आपला पिंडच. ख्मेर जिभेवर झिजून त्याचे ‘बेन’ झाले आहे. महिन्याचे नावही ओळखीचे आहे: ‘फोत्रबोत’, अर्थात भाद्रपद. तिथला चांद्रमास महाराष्ट्रातल्यासारखाच शुक्ल पक्षाने सुरू होतो, त्यामुळे पक्षही जुळतो. २०२४ साली २ ऑक्टोबरला आपली सर्वपित्री अमावास्या होती आणि प्चुम बेनचा मुख्य दिवसही तोच होता.

तिथी एक असली तरी पंगत वेगळी आहे. श्राद्धात आपण पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांना नावगोत्र उच्चारून बोलावतो. विहाराच्या अंधारात टाकलेल्या गोळ्यावर मात्र कोणाचे नाव नसते. ज्याच्या हाती लागेल त्याचा तो. भुकेल्या प्रेतांना जेवू घालण्याचे विधी बौद्ध जगात दोन हजार वर्षांत घडत गेले, देशोदेशी बदलत गेले. त्या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट: सुरुवात आपल्या माणसांपासून झाली आणि मुक्काम बेवारसांच्या दारात पडला.

आधी ‘प्रेत’ या शब्दाकडे पाहू. मराठीत प्रेत म्हणजे मढे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘पुढे निघून गेलेला’ असा आहे. ब्राह्मणी परंपरेत प्रेत ही मधल्या वाटेवरची अवस्था आहे. दहा दिवसांच्या पिंडांनी मृताला नवा देह मिळतो, बाराव्या दिवशी सपिंडीकरण होते आणि तो पितरांच्या पंगतीत जाऊन बसतो. बौद्धांनी शब्द तोच ठेवला, पण प्रेतांची एक स्वतंत्र योनीच मानली. जो जिवंतपणी हात आखडून राहिला, दुसऱ्याच्या दानाच्या आड आला, त्याला ही योनी मिळते. त्याचे पोट डोंगराएवढे असते आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढे. पुढ्यात अन्न आले तर त्याचा निखारा होतो, पाण्याचा पू होतो. अन्न दिसते आहे, भूक जाळते आहे, आणि घास मात्र घशाखाली उतरत नाही. दुष्काळ पाहिलेल्या माणसांनीच हे चित्र रंगवले असावे असे मला नेहमी वाटते.

मग अशा जिवाला अन्न पोचवायचे कसे? आणि पोचते तरी का? हा प्रश्न खुद्द बुद्धाला विचारला गेला होता. पाली अंगुत्तर निकायात जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण त्याला विचारतो, आम्ही मेलेल्या आप्तांसाठी श्राद्ध घालतो, ते त्यांना मिळते का? बुद्धाचे उत्तर फार तपशीलवार आहे. मेलेला नरकात गेला असेल, पशू झाला असेल, माणूस किंवा देव झाला असेल, तर त्याचे तिथले अन्न वेगळे. तुमचे त्याला पोचत नाही. तो प्रेतयोनीत असेल तरच पोचते. जाणुस्सोणी सोडत नाही. ज्याच्यासाठी दिले तो आप्त तिथे नसेलच तर? तर तिथे असलेल्या इतर आप्तांना ते मिळेल. तिथे माझा कोणीच आप्त नसेल तर? बुद्ध म्हणतो, हे शक्य नाही. जन्ममरणाचा फेरा इतका लांब आहे की ती जागा कोणाच्याही आप्तांवाचून रिकामी असू शकत नाही. शिवाय देणाऱ्याचे दान वाया जात नाही.

या उत्तराने नात्याची कक्षाच रुंदावली. ज्याला मी कधी पाहिले नाही, ज्याचे नाव मला ठाऊक नाही, असा उपाशी जीवही कुठल्यातरी जन्मीचा माझाच कोणीतरी आहे. पुढे चीन, जपान, व्हिएतनाममध्ये जे घडले त्याचे बीज मला या संवादात दिसते.

पोचवण्याची रीत मात्र आधी वेगळी होती. ‘पेतवत्थु’ या पाली ग्रंथात प्रेतांच्या ५१ कथा आहेत. त्यातली राजा बिंबिसाराची कथा टीकाकारांनी सविस्तर सांगितली आहे. बिंबिसाराने बुद्धाला आणि संघाला भोजन दिले, पण त्याचे पुण्य कोणाच्या नावे केले नाही. त्या रात्री राजवाड्यात भयंकर किंकाळ्या उठल्या. कुठल्यातरी जुन्या जन्मी संघासाठी रांधलेले अन्न आधीच खाऊन टाकणारे त्याचे नातलग प्रेत होऊन आशेने आले होते. भिंतींपलीकडे, चव्हाट्यांवर, दाराच्या चौकटींना टेकून ते उभे होते, आणि त्यांच्या हाती काहीच लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी राजाने पुन्हा दान दिले आणि ते आप्तांच्या नावे केले. पाणी दिले तेव्हा त्यांच्यासाठी कमळांची तळी झाली, अन्न दिले तेव्हा दिव्य भोजन झाले. म्हणजे इथे घास प्रेताच्या तोंडात पडत नाही. दान भिक्खूला मिळते, त्यातून पुण्य होते, ते प्रेताच्या नावे केले जाते, आणि प्रेत त्याला अनुमोदन देते तेव्हा त्याची भूक शमते. श्रीलंकेत आजही मृताच्या सातव्या दिवशी, तीन महिन्यांनी, वर्षाने भिक्खूंना दान देतात. घरची माणसे एकत्र हात लावून झारीतले पाणी पेल्यात ओततात आणि तो भरून वाहू लागेपर्यंत ओतत राहतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे १४ ऑक्टोबर १९५६ आठवेल. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. पिंडाच्या मागे जी जातीची आणि पुरोहिताची उतरंड उभी होती, ती मुळापासून नाकारण्यासाठी हे आवश्यकच होते. त्याचबरोबर आपल्याकडच्या बौद्ध घरांतल्या निधनानंतरच्या पत्रिका पाहिल्या तर त्यावर ‘जलदान विधी’ आणि ‘पुण्यानुमोदन’ हे शब्द दिसतात. पिंड गेला, पण मृताच्या स्मरणात केलेल्या सत्कृत्याला सगळ्यांनी मिळून अनुमोदन देण्याची ही जुनी कल्पना राहिली. प्रेतयोनीवर विश्वास असण्याची तिला गरज भासत नाही.

प्रेतांना अन्न देण्याचा आणखी एक उगम आहे, आणि त्याचा दगडी पुरावा आपल्या घराजवळ आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक छोटे देवघर आहे. आत एक भरदार स्त्री आणि तिचा पती बसलेले आहेत: हारिती आणि पांचिक. तळाशी मुलांची रांग कोरली आहे. एका टोकाला हातात छडी घेतलेले गुरुजी आणि शिकणारी पोरे, पुढे खेळात रमलेली पोरे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम आहे. बहुतेक प्रवासी तिथून छतावरची नक्षी पाहत पुढे जातात. थांबावे ते हारितीपाशी. ती राजगृहाची यक्षिणी, लोकांची मुले पळवून खाणारी. तिला स्वतःला पाचशे मुले होती. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे, लाडके मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती वेडीपिशी होऊन शोधत आली. पाचशेतले एक हरवले तर तुझी ही अवस्था, मग एकुलते एक गमावणाऱ्या आईचे काय, असे त्याने विचारले. तिने हिंसा सोडली, पण मग आम्ही खायचे काय, हा तिचा प्रश्न रास्त होता. बुद्धाने वचन दिले की माझे भिक्खू जेवायला बसतील तेव्हा तुझा आणि तुझ्या मुलांचा वाटा काढतील.

चिनी भिक्षू इ-त्सिंग ६७१ साली समुद्रमार्गे भारतात यायला निघाला आणि ६९५ मध्ये परतला. त्याने लिहून ठेवले आहे की भारतातल्या विहारांत ओसरीवर किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारितीची प्रतिमा असते, कडेवर मूल आणि गुडघ्यांपाशी तीन-पाच मुले असतात, आणि रोज तिच्यापुढे भरपूर अन्न वाढले जाते. अजिंठ्यातल्या त्या कोपऱ्याकडे पाहताना इ-त्सिंगची ही नोंद मनात ठेवावी. चीनच्या मठांत आजही दुपारच्या जेवणाआधी ताटातली काही शिते बाजूला काढतात ती गरुडासाठी, रानातल्या भुतांसाठी आणि हारितीसाठी. जपानी झेन मठात ही सात शिते असतात. नंतर ती गोळा करून पाखरांना किंवा माशांना घालतात. जेवणापूर्वी पानाभोवती चित्राहुती घालणाऱ्या आजोबांना पाहिलेल्या कोणालाही ही कृती परकी वाटणार नाही. आपल्याकडे म्हणच आहे, असतील शिते तर जमतील भुते. एरवी ती स्वार्थी गोतावळ्याबद्दल वापरतात, पण या मठांत तिचा शब्दशः अर्थ खरा होतो, आणि तो करुणेचा आहे. भुते जमावीत म्हणूनच शिते टाकायची.

चीनमध्ये हा विचार पोचला तेव्हा त्याच्यापुढे एक अडचण होती. आईवडिलांची सेवा हा तिथल्या समाजाचा कणा, आणि बौद्ध भिक्षू तर घर सोडून, डोके मुंडून निघालेला. तो आईबापांचे ऋण फेडणार कसे? ‘यूलानफन’ सूत्राने त्याला उत्तर दिले. त्यात बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, चिनी लोकांचा मूलियन, दिव्यदृष्टीने पाहतो तो त्याची आई प्रेतयोनीत हाडांचा सापळा होऊन पडलेली. तो भाताचे पात्र घेऊन जातो. आई एका हाताने पात्र झाकते, दुसऱ्या हाताने घास उचलते, आणि तोंडाशी जाण्याआधीच त्याचे कोळसे होतात. एकट्या मूलियनची सिद्धी इथे अपुरी पडते. बुद्ध सांगतो, सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, वर्षावास संपवून बाहेर येणाऱ्या संपूर्ण संघाला अन्न दे. तीन महिन्यांच्या साधनेचे बळ त्या दिवशी एकवटलेले असते. ही कथा चीनने उराशी धरली. बाराव्या शतकाच्या आरंभी सोंग राजधानी खायफंगमध्ये सातव्या महिन्याच्या सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत मूलियनचे नाटक चाले आणि प्रेक्षकांची गर्दी दुप्पट होई, अशी आठवण एका जुन्या रहिवाशाने लिहून ठेवली आहे.

पण मूलियनची कथा शेवटी एका मुलाची आणि त्याच्या आईची आहे. बेवारसांसाठी दार उघडले ते दुसऱ्या एका सूत्राने. शिक्षानंद (६५२–७१०) आणि नंतर तांग दरबारातला थोर तांत्रिक आचार्य अमोघवज्र (७०५–७७४) यांनी ते चिनीत आणले. कपिलवस्तूच्या न्यग्रोधाराम विहारात बुद्धाचा शिष्य आनंद रात्री एकटा ध्यानाला बसलेला असतो. समोर एक प्रेत उभे राहते. तोंडातून ज्वाळा निघताहेत, गळा सुईसारखा, केस विस्कटलेले, नखे वाढलेली. नाव ज्वालामुख. ते म्हणते, तीन दिवसांनी तू मरशील आणि आमच्यात येशील. सुटायचे असेल तर गंगेच्या वाळूच्या कणांइतक्या प्रेतांना मगधाच्या मापाने माप-माप अन्न दे. भिक्षापात्रावर जगणारा आनंद एवढे अन्न आणणार कुठून? घाबरून तो बुद्धाकडे धावतो.

बुद्धाने सांगितलेला उपाय मला या साऱ्या परंपरेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एका स्वच्छ भांड्यात थोडे अन्न आणि पाणी घ्यायचे. त्यावर सात वेळा धारणी (मंत्र) म्हणायची, म्हणजे ते मूठभर अन्न अगणितांना पुरेल इतके होते. मग चार तथागतांची, म्हणजे बुद्धांची, नावे घ्यायची. पहिले प्रभूतरत्न, त्या नावाने प्रेताचा जुना कंजूषपणा धुतला जातो. दुसरे सुरूपकाय, त्याने त्याचे विद्रूप शरीर नीट होते. तिसरे विपुलकाय, त्याने गळा रुंद होतो. चौथे अभयंकर, त्याने भीती जाते. मग सात वेळा चुटकी वाजवून, हात लांबवून ते अन्न स्वच्छ जमिनीवर ओतायचे. अमोघवज्राच्या विधिग्रंथात एक बारीकशी सूचना आहे: हे अन्न डाळिंबाच्या किंवा पीचच्या झाडाखाली ओतू नये, कारण प्रेते त्या झाडांना भितात आणि जवळ येत नाहीत. पाहुण्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून पाटाची जागा बदलावी, तशी ही काळजी आहे.

बिंबिसाराच्या काळापासून हे किती वेगळे आहे! मध्ये भिक्खुसंघ नाही, राजाची श्रीमंती नाही. एक माणूस, एक वाडगे, आणि ज्याच्याशी काही देणेघेणे नाही असा जीव. आणि अन्न देण्याआधी त्याचा गळा मोकळा करणे. भुकेल्याला नुसते वाढून भागत नाही, त्याला गिळता येईल अशी सोय आधी करावी लागते, हे ज्याला सुचले त्याला भूक कळली होती. पुढे चीनमध्ये ‘यानखौ’ नावाचा रात्रभराचा मोठा विधी यातून वाढला. त्यात पाच बुद्धांचा मुकुट घातलेला आचार्य मुद्रा करत करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर होऊन अन्न वाटतो. आणि ते भयंकर ज्वालामुख? लोकांनी ठरवले की तोही अवलोकितेश्वरच, आनंदाला जागे करायला आलेला. हाँगकाँगमध्ये सातव्या महिन्यात आजही त्याचा प्रचंड कागदी पुतळा उभारतात.

इथून पुढे प्रत्येक भूमीने आपल्या स्वयंपाकघरातून या विधीत भर घातली. दक्षिण थायलंडच्या नखोन सी थम्मरात भागात दहाव्या चांद्रमासात पंधरा दिवस प्रेते सुटून येतात असे मानतात. त्यांच्यासाठी ‘खनोम ला’ नावाचे पक्वान्न करतात. तांदळाच्या पिठाचे पातळ सरबरीत मिश्रण भोके पाडलेल्या करवंटीतून तापलेल्या कढईत फिरवत सोडायचे, की केसासारख्या तारांची जाळी तयार होते. इतके बारीक का? कारण खाणाऱ्याचे तोंड सुईच्या नेढ्याएवढे आहे. धर्मग्रंथातले एक वर्णन थेट तव्यापर्यंत आले आणि पाककृती झाले! सोबतचे फुगीर ‘खनोम फोंग’ म्हणजे प्रेताला पैलतीरी नेणारा तराफा. मचाणावर हे सारे मांडून भिक्खूंचे पठण संपले की माणसे त्यावर झडप घालतात. प्रेतांच्या ताटातला घास शुभ मानतात.

जपानच्या निहोन शोकी या इतिहासग्रंथात ६५७ साली आसुका विहाराजवळ हा सातव्या महिन्याचा उत्सव झाल्याची नोंद आहे. आज त्याला ओबोन म्हणतात. पूर्वजांना आणायला काकडीचा घोडा आणि परत पाठवायला वांग्याचा बैल करतात: येताना लवकर यावेत, जाताना सावकाश जावेत. पण ओबोनच्याच दिवसांत मंदिरांत ‘सेगाकी’ होते, भुकेल्या प्रेतांना अन्नदान. त्यासाठीचा मांडव मुख्य वेदीपासून दूर, बाहेरच्या कडेला असतो. धुतलेल्या तांदळात काकडी आणि वांगे अगदी बारीक चिरून, पाणी घालून ते वाढतात. बाराव्या शतकातल्या ‘गाकी झोशी’ या चित्रगुंडाळ्या क्योतो आणि टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. त्यांत फुगलेल्या पोटांची प्रेते मेजवानीत, बाळंतिणीच्या खोलीत, शौचाच्या जागी जिवंत माणसांच्या अवतीभवती वावरताना दिसतात. माणसांना ती दिसत नाहीत. एका दृश्यात कोणी आप्तासाठी पाणी ओततो आहे आणि खाली सांडलेले थेंब एक प्रेत चाटते आहे. सगळ्या जपानी पंथांनी हे मान्य केले असे नाही; अमिताभ बुद्धाच्या कृपेवर सारा भार टाकणाऱ्या जोदो शिन्शू पंथात सेगाकी करत नाहीत.

१४६०–६१ च्या भीषण दुष्काळात क्योतोत मृतांचा खच पडला. एका भिक्षूने प्रत्येक मृतदेहावर लाकडाची छोटी स्मृतिपट्टी ठेवायला सुरुवात केली. त्याने ८४,००० पट्ट्या केल्या होत्या. शेवटी २,००० उरल्या. ब्याऐंशी हजारांचा हा आकडा असा हाताने मोजलेला आहे. त्या वसंतात मोठ्या झेन मठांनी शहरातल्या पुलांवर सेगाकी केली. खाली नदीत भुकेने मेलेली माणसे, वर त्यांच्यासाठी अन्न. ते अन्न काही महिने आधी मिळाले असते तर, हा विचार तिथे जमलेल्यांच्या मनात आला नसेल असे होणे नाही.

तैवानमधल्या कीलुंग बंदरात हा विधी वैर मिटवण्यासाठी वापरला गेला. फूच्येन प्रांतातल्या चांगचौ आणि छ्युआनचौ या दोन भागांतून आलेल्या लोकांत रक्तरंजित मारामाऱ्या झाल्या. मेलेल्यांची हाडे एकत्र पुरली गेली. १८५५ पासून दरवर्षीचा प्रेतविधी गावांच्या नावाने न करता आडनावांच्या पाळीने करायचे ठरले, कारण एकाच आडनावाची माणसे दोन्ही बाजूंना होती. व्हिएतनाममध्ये कवी न्गुएन झू (१७६६–१८२०) याने भटक्या आत्म्यांना हाक मारणारी दीर्घ रचना केली. तिच्यात राजे आणि सेनापती आहेत, तसे बुडालेले खलाशी, परमुलखात मेलेले व्यापारी, वेश्या, भिकारी, कैदी आणि जन्मताच गेलेली बाळेही आहेत. त्यांच्यासाठी तिथे पानांच्या द्रोणांत तांदळाची पातळ पेज ठेवतात. अरुंद गळ्यातून पेजच उतरते.

कंबोडियात १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत सुमारे १७ लाख माणसे मेली. त्यांतली असंख्य उपासमारीने गेली. भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले, आणि प्चुम बेन बंद पडला. जे मेले त्यांना अग्नी मिळाला नाही, जागा कळली नाही, तिथीही कळली नाही. आपल्याकडे तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री असते. तिथे एका अख्ख्या पिढीसाठी तो एकच पंधरवडा उरला. लोक मानतात की या दिवसांत प्रेते सात विहारांत आपल्या माणसांना शोधत फिरतात, म्हणून घरोघरची माणसेही एका विहारातून दुसऱ्या विहारात जातात. काही भिक्खू म्हणतात की भात मातीत टाकू नये, गरिबाला द्यावा. हे म्हणणे धर्माला धरूनच आहे. तरी गोळे पडतच राहतात. दिवसा प्रत्येक घर आपल्या मृतांच्या नावांची यादी विहारात देते. नावे मोठ्याने वाचली जातात, मग कागद जाळतात. ज्यांची नावे लिहायला घरात कोणी उरलेच नाही, त्यांचा भात दुसऱ्या कोणीतरी पहाटेच बाहेर अंधारात ठेवलेला असतो.